आपल्या वेळी नव्हतं म्हणे

इथे इंग्लंडमधल्या आमच्या युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकवणाऱ्या एका मॅडमचा सन्मान झाला. ऑटिझम (स्वमग्नता) आणि इन्क्लुजन, म्हणजे अशा पोरांना सगळ्यांसोबत वर्गात सामावून घेणं, यावर त्यांचं काम आहे, आणि माझी बायको शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, तिने त्यांचं ट्रेनिंग केलंय, म्हणून मी कौतुकाने ती बातमी नागपूरच्या शाळेच्या ग्रुपवर टाकली. लगेच धरमपेठेतून उत्तर, 'काहून बे, याच्यासाठी पण अवॉर्ड? आपल्या वेळी असं काही नव्हतं, सगळी मोबाईलची देन.' खाली अंगठेच अंगठे.

मोबाईलची देन! अरे, लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने यावर 1943 मध्ये लिहिलंय, तेव्हा तुझे बाबा तरी जन्मले होते का? दुसरा म्हणे, आपल्याकडे पण कायदा आहे. आहे ना. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता, 2016 मध्ये यादी 21 वर गेली तेव्हा आला. पण कानावर हात ठेवून बसलेल्या पोराशी कसं वागायचं हे वर्गातल्या बाईंना कायदा येऊन सांगतो का? त्याला अशी शिकवणारी माणसंच लागतात. इथे मॉरिसन्स सुपरमार्केटमध्येसुद्धा अशा पोरांसाठी म्युझिक बंद ठेवायची वेळ असते, आणि तिकडे सीताबर्डीच्या बाजारात... जाऊ द्या. (पोराला शाळेत लागणाऱ्या जास्तीच्या मदतीचा सरकारी प्लॅन, ईएचसीपी, त्यासाठी काउन्सिलच्या मागे किती मेल केले ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणि 'नव्हतं' कसं? नागपूरच्या महाल भागात आमच्याच गल्लीत एक पोरगा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी त्याच्या घरची खिडकी सकाळपासून बंद. आम्ही तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्याच्या, म्हणजे लाकडी बैल घेऊन घरोघरी गेल्यावर मिळणाऱ्या पैशातून पुंग्या आणायचो आणि मुद्दाम त्या खिडकीशी जाऊन वाजवायचो, तो आतून ओरडला की खिदळायचो. आज अंगठे देणाऱ्यांपैकी दोघं तिथे होते. मी तर पुढेच असायचो. डेमियन मिल्टन म्हणून एक अभ्यासक आहे, स्वतः ऑटिस्टिक, त्याने 2012 मध्ये मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं, त्यांना आपलं कळत नाही तसं आपल्यालाही त्यांचं कळत नाही. बायकोने मॅडमच्या नोट्समधून हे वाचून दाखवलं तेव्हा मी उठून चहा टाकायला गेलो.

मागच्या पोळ्याला पोराला घेऊन नागपुरात होतो. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, 'खिडक्या लावून घे बाबू, आता ढोल येतील.' लावल्या. शेजारच्या काकू मारबत पाहायला बोलवायला आल्या, 'नातू काहून दिसत नाही?' म्हणाल्या.

मी म्हटलं, ताप आहे त्याला.