विमान तासाभराचं, पण काणकोणवाल्यांचा हिशोब वेगळा

गोवा ते सोलापूर किती लांब असं गूगलवर टाकलं की कुठलीतरी साइट सांगते, हवाई अंतर साधारण ३०० किलोमीटर आणि वेळ अर्धा-पाऊण तास. ते वाचून आमच्याकडे, म्हणजे गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणात, पंढरपूरला जाणारी माणसं प्लॅन करायला बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ते ३०० म्हणजे नकाशावर ओढलेली सरळ रेघ, आणि वेळ बऱ्याचदा मोठ्या जेटच्या ताशी ८०० किलोमीटर स्पीडच्या हिशोबाने काढलेला. या रूटवर फ्लाय९१ कंपनीचं एटीआर ७२ उडतं, पंख्यांचं, ५०० च्या आसपास स्पीडचं, त्यात चढायला वेळ, उतरायला वेळ, रनवेपर्यंत जायला वेळ, आणि तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलायची वेळ. म्हणून तासभर धरूनच चला.

ही फ्लाइट ९ जून २०२५ ला सुरू झाली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. सोलापूरकरांनी किती वर्षं वाट बघितली, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येते म्हणून केवढा वाद, शेवटी २०२३ मध्ये ती पाडली. तिथला विमानतळ होटगी रोडवर, शहराला लागूनच, उतरलात की पंढरपूर दीड-दोन तासांवर.

अडतं ते आपल्या बाजूला. तिकिटावर नुसतं गोवा बघून दाबोळीला जाऊ नका, हे विमान मोप्याचं, म्हणजे उत्तर गोव्यातल्या दुसऱ्या विमानतळाचं, कोड जीओएक्स. तिथल्याच पेडण्याच्या माणसाला मोपा म्हणजे अंगण, तो घरातून निघून पाच तासांत विठोबाच्या दारात. आम्ही काणकोणहून निघालो की मडगाव, झुआरी पूल, पणजी, पर्वरीचं ट्रॅफिक, म्हापसा, धारगळ, शंभरेक किलोमीटर, तीन तास सहज, वर दीड तास आधी पोचायचं. म्हणजे दारापासून दारापर्यंत सात-आठ तास. गाडीने चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे गेलो तर नऊ-दहा. वाचले किती, दोन तास! त्यात मोप्यापर्यंतच्या टॅक्सीचं भाडं वेगळंच.

तरी माझ्या सासूबाईंसारख्या गुडघे धरलेल्या माणसांना मी विमानच सांगेन, कारण घाटातली वळणं आणि दिवसभर गाडीत बसणं त्यांना झेपत नाही. पण मग दक्षिणेकडच्यांचा विचार कोणीतरी करायला हवा ना? कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, मडगावहून मोप्याला बस आहे, चांगली आहे. तीच काणकोणहून सोडा, कुंकळ्ळीला थांबवा आणि सोलापूरच्या विमानाच्या दोन तास आधी मोप्यावर पोचेल असं टायमिंग लावा, रोज नको, विमान असेल त्याच दिवशी. निदान आषाढी-कार्तिकीच्या आठवड्यात एवढं करून बघा, बस रिकामी जाणार नाही.