सहा की सोळा?

परवा एक्स्टेंशन बोर्ड वितळला. गिझर बिघडलेला म्हणून बादलीत रॉड लावला होता आणि त्याच बोर्डावर ही इस्त्री करत होती. आधी करपट वास, मग बोर्डावर तपकिरी फोड, मग घरभर अंधार. इथवर माझा कुणावरही राग नव्हता.

राग आहे तो दुकानातल्या प्रकाराचा.

"एक बोर्ड द्या," मी म्हणालो.

"सहा की सोळा?"

मला वाटलं, किती प्लगचा हवा ते विचारतोय. म्हटलं, "सोळा कशाला, चार पुरेत."

काउंटरवरचा पोरगा हसला. त्याचं सोडा. पण शेजारी एक आजोबा उभे होते, खांद्यावर ट्यूबलाइट, हनुमानाच्या गदेसारखी. ते म्हणाले, "अँपियर विचारतोय तो, बाळ."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. बँकेत लोकांचे कर्जाचे हप्ते काढून देतो.

"लावतोस काय बोर्डावर?"

"रॉड. पंधराशे वॉटचा."

"मग काढ करंट. 230 व्होल्ट धर." त्यांनी दुकानाचा कॅलक्युलेटर माझ्यापुढे सरकवला. मागे चार गिऱ्हाइकं. मी आत्मविश्वासाने गुणाकार केला. तीन लाख पंचेचाळीस हजार.

"एवढे अँपियर तालुक्याला तरी येतात का रे?" आजोबांनी पोराला विचारलं. पोराने मान हलवली. मागचा रिक्षावालाही हलवून गेला.

"भागायचं, बाळ. वॉट भागिले व्होल्ट."

साडेसहा आले.

"आता रोध?"

रोध! दहावीनंतर हा शब्द मला भेटलाच नव्हता. तेव्हा विभवांतर, विद्युतधारा आणि विद्युतरोध अशी तीन नावं होती आणि त्यांचा आमच्या स्वयंपाकघराशी काही संबंध असेल असं मास्तर चुकूनही म्हणाले नव्हते. मी साडेसहाला 230 ने भागलं. शून्य पूर्णांक शून्य दोन आठ.

"हे शॉर्टसर्किट झालं," आजोबा समाधानाने म्हणाले आणि त्यांनी ट्यूब काउंटरवर आडवी ठेवली. त्या ठेवण्यातच मला कळलं की सुटका नाही.

"हे बघ. मंगल कार्यालय आहे. आत पंगत. व्होल्टेज म्हणजे पाहुण्यांची भूक. करंट म्हणजे मिनिटाला किती पाहुणे आत शिरतात ते. आणि रोध म्हणजे दार. अरुंद दार, त्यात चपलांचा ढीग, त्यात 'जेवल्याशिवाय जायचं नाही हं' म्हणत मधोमध उभा वधूपिता. भूक भागिले पाहुणे म्हणजे रोध. 230 भागिले साडेसहा. किती?"

"पस्तीस," मी म्हणालो. "आणि थोडं."

"रोध ओहममध्ये मोजतात. ओहम म्हण."

"ओहम."

"आणि वॉट?" मागून रिक्षावाला. त्याला काय पडलं होतं?

"जिलब्या!" आजोबा गरजले. "भूक गुणिले पाहुणे. दोन्ही वाढलं की आचारी कोसळतो. आता बोर्डावर आणखी काय होतं?"

"इस्त्री," मी पुटपुटलो. "हजारची."

"म्हणजे अडीच हजार. जवळजवळ अकरा अँपियर. सहाच्या दारातून अकरा माणसं घुसवलीस तू! चौकट वितळणार नाही तर काय?"

"अर्थिंग म्हणजे मग मागचं दार का?" रिक्षावाल्याला आता थांबवणं शक्य नव्हतं.

"शाब्बास! रुसवेफुगवे तिकडून बाहेर."

त्याला शाब्बास. मला सोळा अँपियरचा बोर्ड, बिल, आणि सगळ्या दुकानाच्या नजरा.

आजोबा गेल्यावर मी पोराला विचारलं, वायरमन होते का? "छे हो. गेल्या महिन्यात त्यांच्या घरचं अख्खं वायरिंग जळलं. तेव्हापासून रोज येतात."

रात्री रागारागाने त्या ओहमचा शोध घेतला. हे एका माणसाचं नाव निघालं. कुलपं करणाऱ्याचा मुलगा, शाळामास्तर. 1827 मध्ये त्याने हा भागाकाराचा नियम छापला, तर मायदेशात, जर्मनीत, त्याची फार कुणी दखल घेतली नाही. विज्ञानातलं मानाचं कॉप्ली पदक मिळालं ते 1841 मध्ये, तेही लंडनच्या रॉयल सोसायटीकडून. मला माणूस एकदम जवळचा वाटला. त्यालाही कुणीतरी काउंटरवर थांबवून उलटतपासणी घेतली असणार.

पण आता गणित अंगात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रॉड लावला, नव्या बोर्डावर, एकटा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत होता 190. सगळ्या बिल्डिंगचे गिझर चालू, मग दुसरं काय होणार. रोध तोच पस्तीस. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले करंट, आणि करंट म्हणजे व्होल्ट भागिले रोध. म्हणजे 190 चा वर्ग, भागिले पस्तीस पॉइंट तीन. हजार वॉट! खोक्यावर छापलेले पंधराशे कुठे गेले? सतरा मिनिटांत तापणाऱ्या बादलीला पंचवीस मिनिटं. करंट म्हणाल तर जेमतेम साडेपाच अँपियर, म्हणजे एकट्या रॉडला जुना सहाचा बोर्डही पुरला असता. बिल्डरने ब्लॉकचे पैसे मात्र पूर्ण 230 व्होल्टने घेतले आणि अख्ख्या स्वयंपाकघरात सोळाचा एकही पॉइंट दिला नाही. प्लॅस्टर मात्र गुळगुळीत.

हे सगळं मी हिला आकडेमोडीसह समजावून सांगितलं. पंगत, वधूपिता, जिलब्या, सगळं. तिने शांतपणे ऐकलं, स्विच बंद केला, बादलीत बोट बुडवलं.

"कोमटच आहे," ती म्हणाली. "मी आधी जाते."