सोनं बायकांचं, डॉलर कुणाचे?

परवा मावसभावाने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं, "कोरियन बायकांनी देशासाठी दागिने फुकट दिले. आपल्या बायका लॉकरची किल्ली सोडत नाहीत." रुपया घसरला की हा मेसेज फिरतोच. मी चौदा वर्षं सोलमध्ये राहते, म्हणून गप्प बसवत नाही.

बहुतेकांनी फुकट दिलं नव्हतं. कोरियाकडचे डॉलर संपत आले होते, तेव्हा 1998च्या सुरुवातीला सुमारे 35 लाख लोकांनी सव्वादोनशे टन सोनं जमा केलं, त्याचे त्यांना वॉन, म्हणजे कोरियन पैसे, मिळाले. ते सगळं सोनं मिळून दोनेक अब्ज डॉलरचं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) आणि इतरांनी देऊ केलेली मदत होती 58 अब्जांची. दुखणं दागिन्यांचं नव्हतंच. बँकांनी परदेशातून अल्पमुदतीची कर्जं उचलली होती, मुदत संपली की पुन्हा वाढवून घ्यायची. 1997च्या अखेरीस परदेशी बँकांनी मुदत वाढवणं थांबवलं आणि डॉलर आटले.

त्याची किंमत माझ्या शेजारच्या हाल्मोनीने, म्हणजे आजीने, मोजली. नवऱ्याची बँकेतली नोकरी गेली, पन्नाशीत त्यांनी चिकनचं दुकान टाकलं. मुलाच्या तोलची, म्हणजे पहिल्या वाढदिवसाची, अंगठी तिने तेव्हाच विकली. आपल्याकडची म्हातारी माणसं 'बहात्तरच्या दुष्काळात' म्हणतात ना, तसं ती "आयएमएफच्या वेळी" म्हणते आणि बोट चोळते.

आपल्याकडे 1991च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं 47 टन सोनं मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेलं. ते का गेलं, हे भाऊ लिहीत नाही. आखाती युद्धाने तेल महागलं होतं हे खरं, पण त्याच काळात अनिवासी भारतीय आपल्या डॉलर ठेवी काढून नेत होते. मावशीच्या पाटल्यांना बोल लावण्याआधी आमच्याकडे, अनिवासींकडे बघा.

आमच्याकडे म्हणजे माझ्याकडेही. 2013च्या ऑगस्टमध्ये डॉलर 68 रुपयांवर गेला, तेव्हा आम्ही दोघं रात्री जेवताना रोज फोनवर भाव बघत होतो. "थांब, रुपया अजून पडू दे, मग पाठवू," असं मीच म्हणाले. त्याच आठवड्यात आई फोनवर सिलिंडर महागल्याचं सांगत होती. मी "हो का" म्हटलं आणि पुन्हा भाव बघितला. पुढे रिझर्व्ह बँकेने अनिवासींच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना सवलत दिली आणि त्या ठेवींतून सुमारे 26 अब्ज डॉलर आले. आमचेही त्यात गेले. देशासाठी नव्हे, व्याज बरं होतं म्हणून.

माझ्या मुलीच्या तोलला हाल्मोनीने पावणेचार ग्रॅमची अंगठी दिली. बँक आमच्या इमारतीच्या खालीच आहे. तरी ती अंगठी मी नाशिकला नेऊन आईच्या लॉकरमध्ये ठेवली. किल्ली आईकडे आहे.