लक्ष्मीचा बसप्रवास

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी मंडईतून केरसुणी घेऊन बसमध्ये चढलो. नशिबानं खिडकी मिळाली. केरसुणी पायाशी टेकवली मात्र, शेजारचे आजोबा कडाडले, "अहो, लक्ष्मीला पाय लावताय!"

उचलून मांडीवर उभी धरली.

"उभी ठेवू नये. घरात भांडणं होतात."

"आजोबा, ही बस आहे."

"मग बसमध्ये होतील."

आडवी केली, तर शिंदीची टोकं पुढच्या बाईंच्या अंबाड्यात. त्या फणकारल्या, "तो झाडू आवरा आधी!" त्यांची माफी मागावी, तर आजोबा मध्येच, "झाडू? झाडू निवडणुकीतला! ही केरसुणी. नारळाच्या हिरांचा तो खराटा, अंगणाला. गाडगेबाबा घेऊन फिरायचे तो. आणि फुलासारखा मऊ तो कुंचा, तुमच्या फरश्यांना." बसमधले झाडून सगळे माझ्याकडे बघत होते. परीक्षा माझी चालली होती आणि उत्तरं आजोबाच देत होते.

पुढचा धडा, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी निघून जाते. कंदिलाच्या उजेडात केराबरोबर एखादा सोन्याचा मणी जाईल ही भीती मला समजते. पण मी घरी पोचतो रात्री आठला. त्या हिशोबानं आमच्याकडे लक्ष्मी राहील न राहील, केर मात्र कायमचा मुक्कामाला.

"केवढ्याला घेतलीत?" आजोबांनी विचारलं.

"साठ."

"फसलात! मी काल तिथूनच आणली. साठ म्हणत होती, चाळीसला पाडली."

म्हणजे पाय लावायचा नाही, पण भाव पाडायला हरकत नाही. ती विकणारी बाई फुटपाथवर बसल्या बसल्याही पाती वळत होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. उद्या आपण या केरसुणीला हळदकुंकू वाहणार. पिढ्यान्‌पिढ्या ती वळून देणाऱ्या मातंगांना याच गावांनी वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या घरी कोणी हळदकुंकू घेऊन गेल्याचं ऐकिवात नाही. हे आजोबांना सुनवायचं होतं. तेवढ्यात त्यांचा स्टॉप आला.

उठताना त्यांच्या पिशवीचा बंद केरसुणीत अडकला. त्यांनी एक जोरदार हिसका दिला, मूठभर पाती उपटून खाली पडली, आणि साहेब ती तुडवत उतरून गेले. साठ रुपये दिले होते हो मी, पुरते साठ.