‘गर्दुल्ला’ म्हणण्याआधी

पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, माझ्या ऑफिसच्या वाटेवर रोज सकाळी एक पांढरी व्हॅन उभी असते. समोर दहा-पंधरा जणांची रांग. खिडकीतली नर्स एकेकाला नावाने हाक मारते, प्लास्टिकच्या इवल्याशा पेल्यात मेथाडोन देते, समोरच प्यायला लावते आणि पायाची जखम भरली का, तेही विचारते. हेरॉइनची तलफ आणि टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा शरीराचा त्रास, दोन्ही आवरणारं हे औषध. घेतलं की माणूस आपल्या कामाला लागतो.

ती रांग बघितली की मला माझा मावसभाऊ आठवतो. तो गर्दच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या नादी लागला, हे घरच्यांनी दोन वर्षं लपवलं. मावशीला पोलिसांची भीती होती आणि ‘गर्दुल्ल्याची आई’ म्हणवून घेण्याची त्याहून जास्त. शेवटी उपचार झाले, चार महिने तो नशेला शिवला नाही. मग एका संध्याकाळी त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला आणि गेला. नशा सुटली की शरीराची ती पचवण्याची सवयही जाते; एरवीचा डोस तेव्हा जीव घेतो. म्हणून उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. अशा वेळी थांबत चाललेला श्वास परत आणणाऱ्या नॅलॉक्सोन या औषधाचं नावसुद्धा मी इथे आल्यावर ऐकलं.

एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) साठा पकडल्याची बातमी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘सगळ्यांना आत टाका’ सुरू होतं. विकणाऱ्यांबद्दल माझंही तेच मत आहे. पण घेणाऱ्यांचं काय? आपल्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉइन, कोकेनच्या नुसत्या सेवनालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या खटल्यातून त्याला संरक्षण मिळतं. मावशीला हे कोणी सांगितलं असतं तर ती दोन वर्षं अशी गेली नसती.

पोर्तुगालने २००१मध्ये स्वतःपुरता, दहा दिवसांच्या वापराइतका साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला. रान मोकळं केलं नाही. माल जप्त होतो, तीन जणांच्या समितीपुढे उभं राहावं लागतं. सोबत उपचारही वाढवले. त्यानंतर सुयांमधून होणारी एचआयव्हीची लागण झपाट्याने उतरली. मात्र २०१२नंतर या कामाचा पैसा आटला, आणि पुढे इथल्याच पोर्तो शहराच्या रस्त्यांवर उघड नशा पुन्हा दिसू लागली, रहिवासी चिडले. कायदा तोच होता. म्हणून ‘पोर्तुगालचा कायदा उचला’ असं कोणी लिहिलं की मला धास्ती वाटते. आधी ती व्हॅन हवी, रोज, ठरल्या वेळी.

आपल्याकडे सुरुवात शून्यापासून नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून उभं आहे, सरकारी केंद्रांत मेथाडोनसारखंच काम करणारं ब्यूप्रेनॉर्फिन मिळतं. पण २०१९च्या एम्सच्या पाहणीनुसार अफूजन्य नशेसाठी मदतीची गरज असलेले देशात साधारण ७७ लाख आहेत.

गेल्या महिन्यात मी कलम ६४अ सोप्या मराठीत ग्रुपवर टाकलं. रात्री एका नात्यातल्या मुलीचा वेगळा मेसेज आला, “ताई, घरी पोलीस नाही ना येणार?” मी तिला १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी नंबर पाठवला आणि लगेच फोन लावला.