दीडशे रुपयांचं पंक्चर आणि माझे नऊ दिवस

दादा, पंक्चर झालेला टायर वॉरंटीत बदलून घेतल्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की पंक्चरला वॉरंटी नसतेच, मी शीर्षकात लोकांना गंडवलं, आणि जे काम नाक्यावर दीडशे रुपयांत झालं असतं त्यासाठी नऊ दिवस दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या.

शीर्षकाचं मान्य, बदलतो. नेहमीची वॉरंटी फक्त बनवतानाच्या दोषाला असते, खिळा घुसला तर तो रस्त्याचा दोष, कंपनीचा नाही. पण काही कंपन्या काही टायरवर अनकंडिशनल वॉरंटी देतात, त्यात कट, टायरला आलेला फुगा, दुरुस्त न होणारं पंक्चर हेसुद्धा बसतं, फक्त मुदत कमी असते आणि टायर घेतल्यावर रजिस्टर करावा लागतो. माझा केलेला होता (मी नाही, बायकोने, बिलाचा फोटोपण तिच्याच फोनमध्ये होता). दुकानदारानेही आधी तुमच्यासारखंच 'पंक्चर वॉरंटीत बसत नाही' म्हणून वाटेला लावलं होतं, बिल दाखवल्यावर खुर्ची दिली.

आता दीडशेचं. पंक्चर टायरच्या नक्षीच्या मध्यभागी असतं तर मीपण तिथेच स्ट्रिप (भोकात खुपसायची रबरी पट्टी) टाकून घेतली असती, त्यासाठी कोण क्लेम करत बसतंय! पण खेड शिवापूरच्या अलीकडे जो पत्र्याचा तुकडा घुसला तो बरोब्बर खांद्यावर, जिथे नक्षी संपून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सुरू होते. तो भाग चाक फिरताना सारखा वाकतो, तिथे स्ट्रिप काय आणि आतून लावायचा मशरूम पॅच काय, भरवसा नाही. पंक्चरवाला 'साहेब, बिनधास्त चालेल' म्हणत होता, पण स्ट्रिप टाकायची तर आधी भोक कानसून मोठं करतात, आणि एकदा तसं केलं की कंपनीचा तपासणीला आलेला माणूस सरळ बोट दाखवणार की हे तुम्हीच वाढवलंय. म्हणून स्टेपनी लावली आणि गप घरी आलो.

त्या तपासणीवाल्याने पहिलं काय बघितलं माहितीये? टायर उतरवून आत हात फिरवला. हवा नसताना गाडी दामटली की साइडवॉल आतून चिरडते आणि रबराचा काळा भुगा पडतो, तो दिसला की क्लेम संपला. स्टेअरिंग ओढायला लागल्याबरोबर मी बाजूला घेतली होती म्हणून वाचलो.

आणि 'फुकट टायर मिळाला' हे तुम्ही कुठे वाचलंत कळेना, मी तसं लिहिलेलं नाही. नवीन असताना नक्षी ८ मिमी खोल, माझी ६ उरलेली. १.६ ला टायर संपला धरतात, म्हणजे वापरायच्या ६.४ पैकी २ मी वापरले, तेवढ्याचे पैसे माझे. ६,४०० च्या टायरचे २,००० भरले, फिटिंग-बॅलन्सिंग वेगळं. नऊ दिवस स्टेपनीवर फिरलो, त्या दिवसांची किंमत तुम्ही धरणार असाल तर धरा, मी सुट्टीवरच होतो.

राहिला शेवटचा टोमणा, जुना टायर विकून किती कमावले. कंपनी तो ठेवून घेते हो. पोरीला अंगणात झोका करून द्यायचं कबूल केलं होतं, ती अजून रुसलेली आहे.