‘ऑफ म्हणजे बंद’ पाठ करून वॉर्डात जाऊ नका

माझी पुतणी मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्रिटनला जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. तिच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज तिने मला पाठवला आणि विचारलं, “काका, हे पाठ करू का?”

मेसेजचं म्हणणं असं: अप म्हणजे वर, ऑफ म्हणजे बंद, आउट म्हणजे बाहेर, एवढं कळलं की सगळे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘गो ऑफ’सारखी क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणारी इंग्रजी क्रियापदं, आपोआप उलगडतात. रोज थोडे करत हजार पाठ करा. घरात बोलताना वापरा. लिहिताना मात्र टाळा, कारण ही बोलीभाषा आहे.

नको करूस पाठ. मेसेजमधली ती ‘गुरुकिल्ली’ तर मुळीच नको.

वॉर्डात कुणी ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणालं, तर अलार्म वाजलाय, धावत जायचंय. ‘ऑफ म्हणजे बंद’ डोक्यात ठेवणारी मुलगी जागची हलणार नाही. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो हे खरं, पण ब्रिटनमध्ये दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतं. ‘पास आउट’चा अर्थ मेसेजमध्ये ‘कॉलेज पूर्ण करणे’ एवढाच दिलाय. आपल्याकडे सर्रास तसं म्हणतात. तिथला पेशंट ‘आय पास्ड आउट’ म्हणतो तेव्हा त्याची शुद्ध हरपलेली असते. तो शुद्धीवर आला की ‘केम राउंड’. आणि नातेवाइकांनी ‘ही पास्ड अवे’ सांगितलं, तर माणूस गेलेला असतो. यातलं काय ‘बाहेर’ आणि ‘दूर’वरून ओळखायचं? ‘डोळा’ आणि ‘लागणे’ हे दोन शब्द शिकलेल्या परक्या माणसाला ‘जरा डोळा लागला होता’ कळेल का?

काही ठिकाणी धागा सापडतो, तेवढं मान्य करतो. ‘यूज अप’, ‘ईट अप’ यांत ‘अप’ म्हणजे पार संपेपर्यंत. पण तो अर्थही ‘वर’ नाहीच.

मेसेजमधल्या यादीत ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ दोन्हींपुढे ‘रद्द करणे’ लिहिलंय. ऑपरेशन ‘पुट ऑफ’ झालं तर पुढे ढकललं, ‘कॉल ऑफ’ झालं तर रद्द. पेशंटच्या घरच्यांना यातलं चुकीचं सांगून चालेल?

आता हजाराचा हट्ट. गार्डनर आणि डेव्हिस या संशोधकांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधले, म्हणजे सुमारे १० कोटी शब्दांच्या संग्रहातले, फ्रेजल व्हर्ब मोजले. नुसते २५ फ्रेजल व्हर्ब एकूण वापराचा जवळपास एक तृतीयांश भाग व्यापतात, १०० घेतले तर निम्म्याहून जास्त. मात्र या शंभरांना प्रत्येकी सरासरी पाचाहून अधिक अर्थ आहेत. म्हणजे कष्ट घ्यायचे ते याच शंभरांच्या वेगवेगळ्या अर्थांवर, उरलेल्या नऊशेंवर नव्हे. याच संशोधनात ‘कॅरी आउट’ आणि ‘पॉइंट आउट’ अगदी वरच्या क्रमांकांत आहेत, आणि हे दोन्ही अहवालांत, निबंधांत पदोपदी भेटतात. ‘लिहिताना टाळा’ हा मुद्दा तिथेच संपला.

बोलण्यातून शिकावं, हे मेसेजमधलं एकच वाक्य बरोबर आहे. पण पाठ केलेली यादी वाक्यांत कोंबणं म्हणजे बोलणं नव्हे. ‘टर्न इट ऑफ’ म्हणतात, ‘टर्न ऑफ इट’ नाही. उलट ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ चूक. ‘इट’ नि ‘हर’ कुठे बसतात हे यादी सांगत नाही, कान सांगतो, आणि कान तयार व्हायला समोर उत्तर देणारं माणूस लागतं.

ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत दोन रोलप्ले असतात, समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. म्हणून पुतणीला सांगितलंय, रूममेटला पेशंट कर. “व्हेन डिड द पेन कम ऑन?” (दुखायला कधी लागलं?) “हॅव यू थ्रोन अप?” (उलटी झाली का?) “हॅज द स्वेलिंग गॉन डाउन?” (सूज उतरली का?) असं विचार, तिला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लाव, मग जागा बदला. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथेच ‘पास आउट’चा दुसरा अर्थ आजच लिहून टाक.